चार मिनिटं पुढचं घड्याळ

या, बसा. खुर्ची जरा पुढे ओढा, पण मागे टेकू नका. टेकलात की डोळा लागेल, आणि गोष्ट नेमकी डोळा लागण्याचीच आहे. एका लिफ्टवाल्याची सांगतो. त्याने बायकोवर पाळत ठेवली, मेहुण्यावर ठेवली, डॉक्टरीणबाईंवर ठेवली, एवढंच काय, स्वतःच्या छातीला चिकटवलेल्या एका डबीवरही ठेवली. आणि गंमत बघा, त्यातला निम्मा संशय खरा निघाला. कुठला निम्मा, ते ऐका.

हा माणूस लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत हेड मेकॅनिक होता. अठ्ठावीस वर्षं शाफ्टात, म्हणजे लिफ्ट फिरते त्या विहिरीत, काढलेली. कामावर सगळे त्याला शंकासुर म्हणायचे, अगदी तोंडावर, आणि तो ते मेडल लावल्यासारखं मिरवायचा. कारण या धंद्यात संशय हेच भांडवल. लिफ्ट ठीक चाललीय असं कोणी म्हणालं की हा आधी विचारणार, कोण म्हणतं? नवा दोर आला की जुन्यापेक्षा नव्यावर जास्त डोळा. जुन्याने निदान इतकी वर्षं दगा दिलेला नाही, नव्याचा काय भरवसा, असं त्याचं गणित.

घरात माणसं दोनच. मुलगी लग्न होऊन गेलेली. बायको कपडे शिवायची. खिडकीशी मशीन, मशीनला ड्रॉवर, ड्रॉवरमध्ये गिऱ्हाइकांच्या मापांची वही. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे याचा मेहुणा, याच्याच कंपनीत याच्याच हाताखाली होता. यानेच त्याला चिकटवलेला, यानेच हातात पाना धरायला शिकवलेला. शंकासुर बाजूला झाला की हेडची जागा मेहुण्याची, हे शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना माहीत. शंकासुराला तर जरा जास्तच माहीत.

तर झालं असं. वर्षभरापासून शंकासुराची तब्येत काही सुधरत नव्हती. सकाळी उठलं की डोकं ठणकायचं, तोंडाला कोरड, अंग रात्रभर पोती वाहिल्यासारखं. आठ-आठ तास झोपून माणूस दमून कसा उठतो? वर छातीत मधूनच काहीतरी फडफडायचं, डब्यात पाखरू कोंडल्यासारखं. पुन्हा शांत. आता दुसरा कोणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. याने चहावर संशय घेतला. बायको काही घालतेय का? तीन दिवस त्याने गुपचूप कप बदलले, स्वतःचा तिला, तिचा स्वतःला. तिला काहीसुद्धा झालं नाही. शंकासुराने निष्कर्ष काढला, तिला सवय झालेली असणार. चौथ्या दिवशी तिनेच विचारलं, "अहो, बिनसाखरेचा चहा तुम्हाला कधीपासून आवडायला लागला?" तेव्हा तो खेळ थांबला. संशय काही थांबला नाही.

आणि मग एकदा रात्री त्याला दचकून जाग आली, तर बायकोचा हात त्याच्या नाकावर. तोंडाच्या अगदी वर, बोटं नाकाशी, आणि ती त्याच्यावर वाकलेली. काय गं, म्हणाला. ती म्हणाली, काही नाही, डास होता. शंकासुराने दिवा लावून खोलीचा कोपरा न् कोपरा शोधला. डास मेला तर दिसेल, जगला तर गुणगुणेल. दोन्ही नाही. त्या दिवसापासून मनात जी पाल चुकचुकायला लागली ती गप्प बसेना. बहीण-भाऊ स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचे, हा आत आला की एकदम दुधाचं पातेलं आठवायचं दोघांना. दोन मोठी माणसं एका पातेल्याकडे टक लावून बघतात, दूध तर तापलेलंही नसतं.

अशात एक दिवस चौदा मजली इमारतीत काम निघालं. सकाळचे अकरा. शंकासुर लिफ्टच्या टपावर उभा, म्हणजे आपण ज्या डब्यात उभे राहतो त्याच्या छपरावर. तिथून शाफ्टच्या भिंती, रूळ, दारांची कुलपं तपासायची असतात. टपावर एक बटण असतं. ते दाबून धरलं तरच लिफ्ट हळूहळू चालते, बोट सुटलं की जागच्या जागी थांबते. मेहुणा वर मोटरच्या खोलीत. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबली. मेहुण्याने हाक मारली, दाजी. उत्तर नाही. दुसरी हाक, तिसरी हाक. तो जिन्याने धावत सातव्यावर आला, दार किल्लीने उघडून खाली डोकावला, तर दाजी दोराला पाठ लावून बसलेले, हनुवटी छातीवर, आणि घोरणं शाफ्टभर घुमतंय. हलवल्यावर शंकासुर म्हणाला, झोपलो नव्हतो, रुळाचा आवाज ऐकत होतो. मेहुणा म्हणाला, बरं दाजी.

बटण सुटलं म्हणून लिफ्ट थांबली. बटणाने वाचवलं. बटण नसतं तर माणूस आणि भिंतीतली पोलादी पट्टी यांची भेट झाली असती.

आठवड्याने मॅनेजरने बोलावलं. टपावर डोळा लागला की भोवळ आली कोण जाणे, म्हणाला, हृदयाच्या डॉक्टरांकडून दाखला आणा, तोवर शाफ्टात पाय ठेवायचा नाही. मुदत तीन आठवडे. दाखला मिळाला नाही तर हेडची जागा जाणार आणि स्टोअरमध्ये बोल्ट निवडत बसायचं. अठ्ठावीस वर्षं शाफ्टात काढलेल्या माणसाला बोल्ट निवडायला लावणं म्हणजे जिवंतपणी फोटोला हार घालणं. आणि ती झोप पाहिलेला माणूस जगात एकच होता. शंकासुराला वेगळं कोणी सांगायची गरज नव्हती. घरचा भेदी, अजून काय.

डॉक्टरीणबाईंनी आधी साधी पट्टी काढली, दोन मिनिटांची, हृदयातून वीज कशी जाते ते कागदावर उमटतं ती. एकदम झकास. शंकासुर सदरा घालायला लागला. पण बाई म्हणाल्या, दिवसा दोन मिनिटांत बिघाड सापडेलच असं नाही, कधी कधी तो रात्री झोपेतच होतो, एक दिवस एक रात्र बघू. आणि त्यांनी छातीला पाच चिकट्या लावल्या, त्यांच्या वायरी एका साबणाएवढ्या डबीत. ही डबी प्रत्येक ठोका टिपणार. सोबत एक कागद दिला, कधी जेवलात, कधी जिना चढलात, कधी झोपलात, वेळेसकट लिहा.

आता बिघाड दिवसा सापडत नाही हे शंकासुराला कोणी शिकवायला नको होतं. त्याच्या धंद्यात तर ही रोजची रड. लिफ्ट आठवडाभर अडकते, मेकॅनिक समोर उभा राहिला की शहाण्या मुलीसारखी वरखाली करते. आणि याच्या उलटी एक युक्ती प्रत्येक लिफ्टवाल्याला येते. तपासणीचा साहेब यायचा असला की पहाटेपासून लिफ्ट वीस-पंचवीस वेळा रिकामी फिरवायची. तेल पातळ होतं, विजेचे जुने कॉन्टॅक्ट घासून साफ होतात, साहेब येईतो सगळं मऊसूत. बिघाड तिथेच असतो, फक्त त्या तासापुरता तोंड दाखवत नाही. शंकासुराने ठरवलं, आपली लिफ्ट आपणच गरम ठेवायची. जे काही रात्री झोपेत होतं म्हणतात ना, तर झोपायचंच नाही.

पण आधी त्या डबीचा बंदोबस्त. त्याला खात्री होती की तिच्यात आवाजही टिपला जातो आणि मॅनेजरकडे जातो. म्हणून दिवसभर तो डबीला ऐकू जाईल असं बोलत राहिला. आमची कंपनी म्हणजे सोनं, असं तो भाजी निवडताना म्हणाला. मॅनेजरसारखा माणूस होणे नाही, असं पायऱ्या उतरताना. शेजारच्या म्हाताऱ्याने दार उघडून विचारलं, कोणाशी बोलतोयस? शंकासुर म्हणाला, हृदयाशी. म्हाताऱ्याने दार लावून घेतलं.

संध्याकाळीच त्याने कागदावर लिहून टाकलं, रात्री दहा ते सकाळी सहा गाढ झोप. मग बायको आडवी झाल्यावर खुर्चीत ताठ बसला. एक वाजला. दोन वाजले. बायकोही झोपलेली नव्हती, हे त्याला तिच्या श्वासावरून कळत होतं. दोघं एकमेकांना झोपल्याचं नाटक दाखवत होते, आणि बघायला कोणी नाही. तीन वाजले. मग कधीतरी मान पुढे पडली.

जाग आली तेव्हा तीच बोटं नाकाखाली. या वेळी त्याने मनगट पकडलं. काय चाललंय, म्हणाला. बायकोने मनगट सोडवलं, काही नाही, पलंगावर झोपा म्हणाली, आणि मशीनपाशी गेली. ड्रॉवर सरकल्याचा आवाज त्याने स्पष्ट ऐकला.

सकाळी ती पाणी भरायला गेली तेव्हा त्याने ड्रॉवर उघडला. मापांची वही. पुढून छाती, कंबर, बाही, सगळं सरळ. मग मागून उघडली. पानंच्या पानं, तारीख, वेळ, आणि वेळेपुढे एक आकडा. वर्षभराच्या तारखा. शेवटच्या पानावर कालची रात्र. खुर्ची, असं लिहून खाली तीन ओळी. चार चौदा, पुढे अडतीस. चार एकोणीस, पुढे एकतीस. चार सव्वीस, पुढे चव्वेचाळीस. कसले आकडे ते त्याला उमगेना, पण पाळत कशी दिसते हे त्याला कोणी सांगायला नको होतं. घरात खबऱ्या बसवलाय. रोजचा हिशेब भावाला, भावाकडून मॅनेजरला. वही त्याने सदऱ्याच्या आत सरकवली. दाखला एकदा हातात पडू दे, मग ही वही मॅनेजरच्या टेबलावर आपटायची आणि मेहुण्याला दारापर्यंत पोचवायचं.

डबी त्याच दिवशी काढून दिली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला निघाला तर बायको म्हणाली मीही येते. येऊ दे म्हणाला, डोळ्यासमोर असलेली बरी. ती बाहेर बाकावर बसली, हा आत.

डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, रात्री झोप लागली होती? गाढ, शंकासुर म्हणाला. बाईंनी चष्मा काढला.

"झोपलेल्या माणसाचं हृदय असं चालत नाही हो. झोपेत ठोके खाली उतरतात. तुमचे रात्रभर जिना चढणाऱ्यासारखे आहेत. एक तर ही डबी दुसऱ्या कुणाच्या छातीवर होती, नाहीतर तुम्ही मला बनवताय."

शंकासुराच्या आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याचा संशय त्याच्यापेक्षा सरस होता.

"पण पहाटे वीस-पंचवीस मिनिटं तुम्ही झोपलात," बाई म्हणाल्या. "हे बघा."

त्यांनी पडदा त्याच्याकडे फिरवला. वीज अशी छान उड्या मारत चाललेली. मग उड्या लांब लांब पडायला लागल्या. मग सपाट. नुसती रेघ. बाईंनी बोट ठेवून सेकंद मोजले, साडेचार. साडेचार सेकंद ठोका नाही. आणि लगेच पुढे उड्यांची एकदम झुंबड, एकावर एक, मिनिटाला एकशे वीसच्या वर. असं तीनदा. हृदय मला धड वाटतंय, बाई म्हणाल्या, पण झोपेत काहीतरी त्याला थांबवतंय, आणि ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही.

झालं. शंकासुराच्या डोक्यात पहिला विचार आला तो हा की मेहुणा इथेही पोचला. रेघा काय, कोणीही काढेल. त्याने रूक्षपणे विचारलं, ही तीन वेळा कधी? बाईंनी वाचलं, चार दहा, चार पंधरा, चार बावीस.

त्याने सदऱ्यातून वही काढली, शेवटचं पान उघडलं. चार चौदा, चार एकोणीस, चार सव्वीस. बाईंनी वाकून बघितलं आणि विचारलं हे काय. बायकोची वही, तो म्हणाला. बाई म्हणाल्या, पण वेळा जुळत नाहीत, चार-चार मिनिटांचा फरक आहे.

आणि शंकासुराने वही हळूच टेबलावर ठेवली. कारण घरातलं टाइमपीस चार मिनिटं पुढे होतं. त्यानेच ठेवलेलं, बावीस वर्षांपूर्वी, ड्यूटीला उशीर नको म्हणून. हे त्याच्याशिवाय आणि बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मेहुण्यालासुद्धा नाही. अहो, वेळा तंतोतंत जुळल्या असत्या ना, तर या माणसाने शपथेवर सांगितलं असतं की दोघींनी संगनमत केलंय. पण चार मिनिटांनी चुकलेल्या, तिन्ही वेळा बरोबर चारच मिनिटांनी. एक डबी छातीवर, एक बाई अंधारात, दोघींची ओळख नाही, आणि साक्ष एकच. असं कोणाला बनवता येत नाही.

तिला आत बोलवा, तो म्हणाला.

ती आली, वही टेबलावर बघितली, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. बाईंनी विचारलं, पुढचे आकडे कसले? ती म्हणाली, श्वास थांबतो तेवढं मोजते. आधी जोरात घोरतात, मग एकदम गप्प. छाती हलते पण नाकाला वारा लागत नाही. टाके मोजतो तशी मोजायची सवय आहे. पन्नासच्या वर गेलं की हलवते. किती दिवस, बाईंनी विचारलं. वर्ष होऊन गेलं, ती म्हणाली. यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते तुला कोणी शिकवलं.

हे ऐकून डॉक्टरीणबाईंना हसू आलं. शंकासुराला नाही आलं.

"मॅनेजरला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "भावाच्या तोंडून. तो नाही म्हणत होता, दाजी आयुष्यभर तोंड बघणार नाहीत म्हणाला. मी त्याला शपथ घातली."

"का?"

"घरात थांबलं तर मी हलवते. तिकडे टपावर कोण हलवणार तुम्हाला?"

बघा, कट होता. पाळत होती. चहाडीही झालेली. शंकासुराचे हे तिन्ही आडाखे बरोबर निघाले होते, फक्त त्याला वाटत होतं हात नाक दाबायला येतोय, आणि तो हात वारा लागतोय का बघायला येत होता.

मग बाईंनी समजावलं. झोपेत गळ्यातला मऊ भाग ढिला पडतो आणि वाट बंद करतो. हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो तसं हृदयाची वीज मंदावते, कधी एखादा ठोका देतच नाही. मग मेंदू घाबरून माणसाला अर्धवट उठवतो, श्वास सुटतो, आणि तीच वीज पिसाटल्यासारखी धावते. रात्रीत शंभर-शंभर वेळा. वर्षानुवर्षं असं चाललं तर एक दिवस वरच्या कप्प्यांतल्या विजेचा तालच बिघडतो, मग नुसतं थरथरणं. तुमची फडफड ही कदाचित त्याची चाहूल.

शंकासुर एकदम म्हणाला, म्हणजे दार.

बाईंना कळलं नाही. त्याने सांगितलं. लिफ्ट मधेच बंद पडते, माणसं म्हणतात मोटर गेली. आम्ही मोटर उघडतो, तिला धाड भरलेली नसते. भानगड असते दाराच्या कुलपात. दार नीट लागत नाही, की सुरक्षेची तार तुटते, की चालती मोटर खटकन बंद. पुन्हा जुळलं की मोटर हिसक्याने सुटते. प्रत्येक हिसक्याला ठिणगी, प्रत्येक ठिणगीला कॉन्टॅक्ट जळतो. दार दुरुस्त केलं नाही तर शेवटी चांगली मोटरही जाते. बाई म्हणाल्या, तुमचं दार उलटं आहे, ते लागतं आणि उघडत नाही, पण बाकी हिशेब तोच.

दाखला मिळाला नाही. झोपेची तपासणी झाली, त्यात तासाला एक्केचाळीस वेळा श्वास अडकतो असं निघालं, आणि नाकावर मुखवटा लावून हवा सोडणारं यंत्र घरी आलं. तीन महिने ते वापरा, वजन उतरवा, मग पुन्हा डबी लावू, खरंच झोपून. तोवर शंकासुर बोल्ट निवडण्याऐवजी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बाकावर बसून दारांची कुलपं दुरुस्त करायचा. टपावर मेहुणा चढायचा. पहिल्या दिवशी मेहुणा बाकापाशी येऊन नुसता उभा राहिला. शंकासुराने त्याच्याकडे न बघता एक कुलूप पुढे केलं, सातव्या मजल्याचं आहे, बटण सोडलं की लिफ्ट थांबते का ते आधी बघ, मग चढ, म्हणाला. मेहुणा म्हणाला, बरं दाजी. त्या दोघांची दिलजमाई एवढीच.

यंत्रावरही त्याने आठ दिवस संशय घेतला, नाही असं नाही. हवा कुठून ओढतंय ते तपासलं, जाळी काढून धुतली, पुन्हा लावली. नवव्या दिवशी सकाळी उठला तर डोकं हलकं. इतकं हलकं की त्याला वाटलं काहीतरी राहून गेलंय.

आणि शेजारी बायको झोपलेली. वर्षभराची झोप वसूल करत असल्यासारखी, एका कुशीवर, ना हालचाल ना आवाज. पाच मिनिटं तो बघत राहिला. मग राहवेना. मुखवटा वर सरकवला, हळूच हात पुढे केला, आणि दोन बोटं तिच्या नाकाखाली धरली. वारा लागला. तरी त्याने बोटं काढली नाहीत. तिला जाग आली, तिने डोळे न उघडताच मनगट धरलं आणि विचारलं, काय चाललंय? तो म्हणाला, डास होता.

तर आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात कोणीतरी घोरत असेल, ज्याची तुम्ही चारचौघांत टर उडवता. आज तो घोरता घोरता एकदम गप्प झाला, तर सुटलो म्हणून कूस बदलू नका. उठा, दोन बोटं त्याच्या नाकाखाली धरा, आणि मोजा. तो दचकून उठला, मनगट धरून भलतंसलतं बोलला, तरी राग मानू नका. आकडा तेवढा लिहून ठेवा.